सापसंदाची वेल आणि घोड्याचे रक्त

१/
नागपंचमी म्हटली की बत्तीस शिराळा हे नाव ओघानेच येते. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात, मोरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, भुईकोट आहे; तरीही महाराष्ट्र या गावाला ओळखतो तो नागांमुळे. सापाच्या विषापासून शरीर कसे वाचते, ते 'मजबूत' करता येते का, या प्रश्नाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात शिराळ्यापासूनच करावी लागते. वाट मात्र चीन, जर्मनी आणि परळ अशी फिरून जाते. (दीर्घ थ्रेड)

२/
आख्यायिका सर्वपरिचित आहे. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी आले. घरातील गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. जिवंत नागाची पूजा करशील का, असे नाथांनी विचारले आणि तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पूजला जाऊ लागला.

पुढे पिढ्यानपिढ्या पंचमीपूर्वी शेतांच्या बांधांवरून नाग पकडणे, मातीच्या मडक्यांत सांभाळणे, पंचमीला पूजा आणि मिरवणूक, नंतर पुन्हा शिवारात सोडून देणे असा क्रम राहिला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेश यांमुळे जिवंत नागांची मिरवणूक थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने मर्यादित परवानगी दिली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

३/
या परंपरेच्या पोटात एक श्रद्धा आहे: शिराळ्याच्या माणसाला नाग डसत नाही आणि डसलाच तर विष चढत नाही. 'विष चढणे' आणि 'विष उतरविणे' हे मराठीतले शब्दप्रयोग पाहण्यासारखे आहेत. विष ही वर चढणारी आणि मंत्राने किंवा मुळीने खाली उतरणारी वस्तू आहे, असे चित्र त्यांत आहे. मंत्र मांत्रिकाकडे असे, मुळी वैदूकडे. वैदूच्या झोळीतल्या मुळ्यांमध्ये एक नाव पुन्हापुन्हा भेटते: सापसंद.

४/
सापसंद म्हणजेच ईश्वरी. वनस्पतिशास्त्रात ॲरिस्टोलोकिया इंडिका. कुंपणांवर आणि झुडपांवर चढणारी ही बारमाही वेल, चटकन लक्ष न वेधणारी. फूल मात्र विलक्षण. तळाशी फुगीर कुपी, तिच्यावर अरुंद नळी आणि टोकाला जिभेसारखा बाहेर आलेला जांभळट ओठ. नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत शिरते, पण उलट फिरू शकत नाही. केस सुकले की परागाने माखून तिची सुटका होते. फळ पिकले की खालच्या बाजूने उकलते आणि टांगलेल्या शिंकाळ्यासारखे दिसते. मूळ कडू, कापरासारख्या वासाचे.

ओठाचा तो उघडा आकार पाहून फणा आठवला तर नवल नाही. सापाच्या विषावर सापासारखीच वनस्पती, हा तर्क माणसाला फार जुन्या काळापासून भुरळ घालत आला आहे.

५/
आणि तो केवळ इथल्याच माणसाला नव्हे. याच कुळातल्या एका वेलीला उत्तर अमेरिकेत 'सर्पमूळ' असेच नाव मिळाले; शास्त्रीय नावही ॲरिस्टोलोकिया सर्पेंटारिया. ग्रीकांनी याच फुलात गर्भाशयाचा आकार पाहिला आणि वनस्पतीला 'प्रसूतीसाठी उत्तम' अशा अर्थाचे नाव दिले; ॲरिस्टोलोकिया या शब्दाची फोड तीच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी एकाच कुळावर विश्वास टाकावा, यावरून 'काहीतरी तथ्य असणारच' असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तथ्य होतेही. ते कोणत्या प्रकारचे होते, हे कळायला विसावे शतक संपावे लागले.

६/
चीनमध्ये या कुळाचा पसारा सर्वांत मोठा. तिथल्या एका जातीच्या फळाला 'मा तोऊ लिंग' म्हणतात, म्हणजे घोड्याच्या गळ्यातली घंटा. फळाच्या आकारावरून पडलेले हे नाव. फळ खोकल्यासाठी, वेल सूज आणि वेदनांसाठी, तर मूळ पोटदुखीसाठी आणि सर्पदंशासाठी. ली शिचेन या वैद्याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या आणि १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या 'पन्त्साव कांगमू' या महान औषधीकोशातही ही वनस्पती आहे. सह्याद्रीतला वैदू आणि नानकिंगचा औषधविक्रेता यांची कधी गाठ पडली नसेल. पण दोघांच्या झोळीत एकाच कुळाची मुळी होती.

७/
दोन्ही वैद्यकांची शरीराविषयीची कल्पनाही जवळची. चिनी वैद्यकात 'वेई ची' नावाची संरक्षक प्राणशक्ती सांगितली आहे. ती त्वचेखाली संचार करते, बाहेरचा 'वारा' आत शिरू देत नाही. तिला बळ देणारा एक प्रसिद्ध योग आहे, त्याचे नाव 'पाचूचा पडदा' अशा अर्थाचे: वारा अडविणारा पडदा. त्यात ॲस्ट्रॅगॅलस या वनस्पतीचे मूळ प्रमुख असते. आयुर्वेदात ओज आहे, रसायनचिकित्सा आहे, आणि चरकसंहितेतला 'व्याधिक्षमत्व' हा शब्द तर आजही इम्युनिटीसाठी वापरला जातो.

शब्द सुंदर आहेत. पण दोन्हीकडे गृहीत एकच: संरक्षण म्हणजे बळ आणि बळ म्हणजे पोषणाने, काढ्याने, रसायनाने वाढणारी गोष्ट.

८/
गंमत अशी की चिनी परंपरेनेच या गृहीताच्या पलीकडचा एक मार्ग शोधून काढला होता, आणि तो काढ्याचा नव्हता.

सोळाव्या शतकापर्यंत चीनमध्ये देवीच्या रोगावर एक प्रक्रिया रूढ झाली होती. सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या खपल्या घ्यायच्या, काही काळ ठेवून वाळवायच्या, पूड करायची आणि चांदीच्या बारीक नळीतून निरोगी मुलाच्या नाकपुडीत फुंकायची. मुलाला हलका ताप, थोडे फोड. आणि मग जन्मभर देवीपासून मुक्ती. धोका होताच, काही मुले दगावत. पण देवीच्या साथीत जितकी मरत त्याहून कितीतरी कमी. खुद्द कांग्शी सम्राटाला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. पुढे त्याने आपल्या राजकुटुंबातील मुलांना अशा प्रकारे देवी टोचविल्या.

९/
या नळीतून फुंकले जात होते ते बळ नव्हते. ती ओळख होती. शरीराला शत्रूचा चेहरा आधी दाखवून ठेवायचा, म्हणजे खरी गाठ पडेल तेव्हा ते चाचपडणार नाही. चिनी वैद्यांनी त्याचे स्पष्टीकरण वेगळे दिले: गर्भावस्थेतले विष बाहेर काढणे. स्पष्टीकरण चुकीचे आणि कृती बरोबर, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. याच्या नेमके उलटही घडले आहे आणि ते फार महाग पडले आहे.

१०/
पुढे जेन्नरची गोस्तन-देवीची लस आली. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा हातोहात, दंडोदंडी प्रवास करीत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. मराठीत त्याला 'देवी काढणे' म्हणू लागले, आणि गावोगाव फिरणारा 'देवी काढणारा' आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत लोकांच्या आठवणीत होता.

११/
मग सापाच्या विषाचीही अशीच ओळख करून देता येणार नाही का? तत्त्वतः येते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात बिल हास्ट नावाच्या सर्पपालकाने १९४८ पासून स्वतःला विषाच्या अत्यल्प मात्रा टोचून घेतल्या. अनेक दंश पचवून तो वयाची शंभरी ओलांडून २०११ मध्ये वारला. परंतु त्यासाठी वर्षानुवर्षे नियमित टोचणे लागते. नाग हाताळल्याने, त्याची पूजा केल्याने किंवा मुळी चघळल्याने रक्तात प्रतिपिंडे तयार होत नाहीत.

आणि ज्याला आज दंश झाला त्याच्याकडे वेळच नसतो. शरीराला नव्या विषाविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे घडवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नागाचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडते: पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थांबतात. इथे रोग्याची प्रतिकारशक्ती कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग शून्य. पैलवान आणि अशक्त म्हातारा दोघेही सारखेच असहाय.

१२/
मग वैदूच्या मुळीने माणसे वाचत कशी? कारण ती वाचत, हे खरेच आहे.

बहुतेक साप बिनविषारी असतात. अंधारात चावलेली धामण किंवा पाणदिवड भीतीने 'नाग' होते. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. पुष्कळ दंश कोरडे असतात. नाग तर बहुधा फणा काढून आधी इशाराच देतो. या सगळ्यांना मुळी दिली, मंत्र घातला की 'विष उतरले'. आणि जे गेले त्यांची वेळच भरली होती, उशीर झाला होता, पथ्य मोडले होते. ही लबाडी असेच नव्हे. वैदू अनेकदा मनापासून विश्वास ठेवणारा असे. त्याच्यासमोर बरी होऊन चालत जाणारी माणसे होती. त्याचा अनुभव खरा होता, फक्त तो मोजलेला नव्हता.

१३/
मोजायला सुरुवात झाली ती कलकत्त्यात. जोसेफ फेरर या सर्जनने भारतातल्या विषारी सापांवर १८७२ मध्ये मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी कोंबड्या आणि कुत्र्यांवर दंशाचे असंख्य प्रयोग करून त्याने देशोदेशीचे उतारे तपासले. युरोपीय औषधे, देशी मुळ्या, 'सर्पमणी' म्हणून मिरविले जाणारे दगड. निष्कर्ष निराशाजनक होता: पुरेसे विष अंगात गेले असता यांतले काहीही भरवशाचे नाही. विशेष म्हणजे त्या यादीत युरोपीय औषधेही तितकीच नापास झाली होती.

१४/
उत्तर निघाले ते चिनी संस्कृतीच्या छायेत वाढलेल्या प्रदेशात, आजच्या व्हिएतनाममध्ये. १८९१ साली सायगावला पाश्चर यांच्या शिष्यपरंपरेतला आल्बेर काल्मेत नवी प्रयोगशाळा चालवीत होता. तिचे मुख्य काम देवीची आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लस. त्या पावसाळ्यात बाक लिएउ भागातल्या एका गावात पुराच्या पाण्याने बेघर झालेले नाग घराघरांत शिरले. अनेकांना दंश झाले, काही मृत्यू झाले. तिथल्याच एका माणसाने नाग पकडून पिंपात भरले आणि ते सायगावला काल्मेतकडे आले.

काल्मेतने विषाच्या वाढत्या मात्रा प्राण्यांना टोचून पाहिल्या. असे प्राणी मारक मात्राही सहन करू लागले; आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या रक्तातला पातळ द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर तोही वाचला. १८९४-९५ च्या सुमारास हे शोध प्रसिद्ध झाले आणि फ्रान्समध्ये घोड्यांपासून प्रतिविष तयार होऊ लागले. फिसालिक्स आणि बर्त्राँ यांनी त्याच सुमारास पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे हेच दाखविले होते.

१५/
काल्मेतला वाटले की नागाविरुद्धचे हे प्रतिविष सर्व सापांवर चालेल. ते चुकीचे होते, आणि ते दाखवून देणाऱ्यांत मुंबईत काम करणारा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला जॉर्ज लॅम्ब आघाडीवर होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्याने सिद्ध केले की नागाविरुद्धचे प्रतिविष घोणसाच्या विषापुढे निष्प्रभ ठरते. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यानेही तेव्हाच अशीच गोष्ट दाखविली. प्रत्येक विषाची ओळख वेगळी करून द्यावी लागते. सर्वांवर चालणारे 'बळ' इथेही नव्हते.

१६/
म्हणूनच भारतीय प्रतिविष चार सापांविरुद्ध एकत्र असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, तिने हे काम महाराष्ट्रात रुजविले. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा, मग हळूहळू वाढवीत काही महिने. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरली की ठरावीक प्रमाणात रक्त काढायचे, तांबड्या पेशी शक्यतो परत द्यायच्या, द्रवातली प्रतिपिंडे शुद्ध करून गोठवून वाळवायची. कुपीतली ती पांढरी पूड म्हणजे घोड्याने आधीच शिकून ठेवलेला धडा. प्रमाणित कुपीतल्या एका मिलिलिटरने नागाचे सुमारे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे लागते, मण्यारीचे ०.४५.

१७/
बोलीभाषेत आणि वर्तमानपत्रांत याला सर्रास 'सापाची लस' म्हणतात. ही लस नव्हे. लस आपल्या शरीराला शिकविते, आणि तो धडा वर्षानुवर्षे टिकतो. प्रतिविष म्हणजे उसनी प्रतिकारशक्ती. काही दिवसांत संपते, आणि परक्या प्रथिनांमुळे कधीकधी तीव्र ॲलर्जीही उमटते. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच द्यावे लागते. दुसऱ्या वेळी साप चावला तर पुन्हा घ्यावे लागते. नावाच्या या गोंधळातून 'एकदा घेतली आहे, आता भीती नाही' असा समज होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

१८/
चीनने याच प्रश्नाला आणखी एक वळण दिले. च्यांग्सू प्रांतातल्या नान्तोंग शहरी ची तशेंग नावाचा सापवैद्य होता, रस्त्यावर साप दाखवून औषध विकणारा, आपल्याकडच्या गारुड्यासारखाच. १९५० च्या दशकात, नव्या सरकारने पारंपरिक वैद्यकाला राष्ट्रीय प्रतिष्ठा द्यायचे ठरविले तेव्हा, त्याने पिढीजात गुप्त कृती शासनाला देऊन टाकली. त्याला रुग्णालयात मानाची जागा मिळाली आणि त्याच्या नावाच्या गोळ्या कारखान्यात बनू लागल्या. त्या आजही मिळतात. पण गंभीर दंशात चिनी डॉक्टरही प्रतिविष देतात, गोळ्या जोडीला. आपल्याकडच्या वैदूंच्या वाट्याला असा सन्मान आला नाही, हे खरे. सन्मान मिळाल्याने औषधाची परीक्षा मात्र होत नाही.

१९/
आता पुन्हा सापसंदाकडे. १९८० च्या दशकात म्हैसूरच्या संशोधकांनी या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाची घोणसाच्या विषावर चाचणी घेतली. विषातल्या फॉस्फोलायपेज या एका विकराला ते काही प्रमाणात रोखते, असे आढळले. म्हणजे जगभरच्या वैदूंची मुळी पूर्णपणे निर्गुण नव्हती. पण घोणसाच्या विषात अशी अनेक शस्त्रे असतात. एक बोथट करून रोगी वाचत नाही.

२०/
त्याच आम्लाची दुसरी कथा जर्मनीत घडत होती, आणि ती या थ्रेडच्या मुळाशी आहे. ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता वाढते, असे काही प्रयोगांत दिसले. तेवढ्यावर तिथे ते 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' औषध म्हणून विकले जाऊ लागले. नैसर्गिक, जुन्या परंपरेचे आणि आता प्रयोगशाळेचाही शिक्का असलेले. मग उंदरांवर सविस्तर विषचाचणी झाली. काही महिन्यांतच उंदरांना पोटाचे, मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले.

इशारा मिळाला होता. पण तो औषधी आम्लाला मिळाला. जडीबुटीच्या दुकानातल्या मुळीला तो लागू आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही.

२१/
ब्रसेल्स, १९९० नंतरची वर्षे. पन्नाशीच्या आतल्या, एरवी निरोगी असलेल्या काही स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. दुवा एकच: सगळ्यांनी वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. १९९३ मध्ये व्हॅनहेर्वेगेम आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केले. कारण शोधता शोधता एका नावापाशी येऊन थांबले. कृतीत 'हान फांग ची' नावाची निरुपद्रवी मुळी हवी होती. आली होती 'क्वांग फांग ची', म्हणजे ॲरिस्टोलोकिया. बाजारात दोन्ही 'फांग ची'च.

रुग्णांची संख्या शंभरावर गेली. पुढे ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका शस्त्रक्रियेने काढण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांच्या त्या भागात कर्करोग आढळला. हा अहवाल २००० सालचा.

२२/
त्यानंतर जुनी कोडी एकामागून एक सुटू लागली. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांच्या काठच्या गावांत पिढ्यानपिढ्या मूत्रपिंडाचा एक गूढ विकार होता. शेतातल्या गव्हात मिसळणारे ॲरिस्टोलोकियाचे बी हे त्याचे कारण असल्याचे २००७ मध्ये दाखविले गेले. तैवानमध्ये मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग जगात सर्वाधिक का, याचे उत्तरही तेच: १९९७ ते २००३ या काळात तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना हे आम्ल असलेल्या औषधी लिहून दिल्या गेल्या होत्या.

हे आम्ल पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि तिथे स्वतःची अशी खूण सोडते की वर्षांनंतरही गाठीच्या ऊतीत ती वाचता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने याला मानवात निश्चित कर्ककारक ठरविले आहे. तैवानने २००३ मध्ये बंदी घातली. चीनने त्याच वर्षापासून एकेक जात वगळत आणली. 'घोड्याच्या गळ्यातली घंटा' २०२० च्या चिनी औषधिसंहितेतून गेली.

२३/
दोन हजार वर्षे वापर होऊनही हे कुणाच्या लक्षात कसे आले नाही? हा प्रश्न परंपरेची टिंगल करण्यासाठी विचारला जातो, तो तसा नाही. अनुभवाला लवकर होणारी गोष्ट दिसते. मुळी खाल्ल्यावर तासाभरात उलटी झाली, तर पुढच्या पिढीपर्यंत ती मात्रा कमी होते. अशी शेकडो तीव्र विषे परंपरेने ओळखली, शोधन करून सुसह्य केली. पण आज घेतलेल्या काढ्याने वीस वर्षांनी मूत्रपिंड गेले, तर त्या दोन घटना जोडणार कोण? रोगी दुसऱ्या गावी गेलेला असतो, वैद्य वारलेला असतो. ते जोडायला नोंदी लागतात, शेकडो रुग्ण शेजारी शेजारी ठेवून पाहणारी यंत्रणा लागते. ली शिचेनकडे ती नव्हती, चरकाकडे नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांकडेही नव्हती. त्यांनी पारा आणि सोमल काय कमी खाऊ घातला?

२४/
करोनाच्या काळात 'इम्युनिटी' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. चीनमध्ये पारंपरिक औषधांच्या पुड्या वाटल्या गेल्या, आपल्याकडे काढे उकळू लागले आणि गुळवेलीला मागणी आली. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काही रुग्णांमध्ये गुळवेलीच्या सेवनाशी निगडित वाटणारी यकृताची इजा आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी ती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकेल. वाद आपल्या जागी. पण 'तीच वनस्पती होती कशावरून' हा ब्रसेल्सचाच प्रश्न होता.

गुळवेल म्हणजे सापसंद नव्हे, आणि ॲस्ट्रॅगॅलसही नव्हे. एकीचा दोष दुसरीवर लादणे अन्यायाचे होईल. सगळ्या काढ्यांना एका मापाने तोलता येत नाही, हेच तर लॅम्बने विषांबद्दल सांगितले होते.

२५/
आणि सर्पदंशाचे काय? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मरण पावले, असा मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, पावसाळ्यातले. शेतात वाकून काम करणाऱ्यांचे, जमिनीवर झोपणाऱ्यांचे. यातल्या अनेकांचे पहिले काही तास मांत्रिकाच्या ओट्यावर किंवा मुळीच्या शोधात गेलेले असतात. सापसंदाचे कर्ककारक आम्ल या माणसाला मारत नाही. त्याला मारतो तो गेलेला वेळ.

२६/
शिराळ्यात आज नागपंचमीला नागाच्या प्रतिमेची पूजा होते, पालखी निघते, वनविभागाची पथके शिवारावर नजर ठेवतात आणि आरोग्य विभाग प्रतिविषाच्या कुपींचा साठा तयार ठेवतो. पूजा नागाची, आणि कुपीत घोड्याचे रक्त.

२७/
सापसंदाची वेल सह्याद्रीत अजूनही उगवते. शिराळा तालुक्याला लागून असलेले चांदोलीचे जंगल ज्या पश्चिम घाटात मोडते, त्या घाटात सदर्न बर्डविंग हे भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक आढळते. ते आपली अंडी याच कुळाच्या वेलींवर घालते. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही फुलपाखरेही तसेच करतात. त्यांच्या अळ्या ही पाने खातात, त्यांतले ॲरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवितात आणि फुलपाखरू झाल्यावरही ते वागवितात. एकदा चव घेतलेला पक्षी त्यांच्या वाटेला पुन्हा जात नाही.